दोन वाव पाण्यातला नांगर

बक आयलंडवर उतरायला तिकीट नाही, पण तिथे नांगर टाकायला परवाना लागतो. तो फुकट मिळतो. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे अर्ज करायचा, बोटीची माहिती भरायची आणि मिळालेला परवाना बोटीवर जपून ठेवायचा. मुख्य अट अशी की नांगर पडेल तो बेटाच्या पश्चिमेला आखून दिलेल्या पट्ट्यातच आणि वाळूतच. माझी सगळी हयात व्यापारी जहाजांवर गेली. बंदराला विचारून नांगर टाकणं हा रोजचा भाग होता, पण त्याने खालच्या तळाचं काय होईल, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. तळाची चौकशी आम्हीही करायचो, ती स्वार्थापोटी. नकाशावर खोलीच्या आकड्यांशेजारी बारीक अक्षरं असतात. एस म्हणजे वाळू, एम म्हणजे गाळ, आर म्हणजे खडक. चांगला चिकट गाळ दिसला की जीव भांड्यात पडायचा. मग साखळी सोडायची आणि चहा मागवायचा.

हे बेट कॅरिबियनमध्ये, सेंट क्रॉयच्या उत्तर किनाऱ्यापासून दीड मैलावर आहे. सेंट क्रॉय हे अमेरिकी व्हर्जिन बेटांमधलं सगळ्यात मोठं. १९१७ पर्यंत इथे डेन्मार्कचं राज्य होतं. अमेरिकेने अडीच कोटी डॉलर मोजून ही बेटं विकत घेतली. त्याआधीचा इतिहास ऊस, गुलाम आणि रम यांचा. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, मळ्यांवर हात कमी पडू लागले, तेव्हा १८६३ मध्ये ‘मार्स’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून तीनशेवर मजूर इथे आणले गेले. करार संपल्यावर त्यांतले बहुतेक परत गेले. शेजारच्या त्रिनिदादसारखी भारतीय वस्ती मागे राहिली नाही, म्हणून आपल्याकडे ही गोष्ट कुणाला ठाऊकही नसते.

मी स्वतः पूर्वी सेंट क्रॉयला आलो होतो, पण टँकरवरून. दक्षिण किनाऱ्यावर तेव्हा जगातल्या मोठ्यांत गणला जाणारा तेलशुद्धीकरण कारखाना होता. त्याच्या धक्क्यावरून दिसायच्या त्या टाक्या, पाइपांची जाळी आणि रात्रभर जळणारी ज्वाळा. या वेळी लेक-जावई फ्लोरिडाहून सुट्टीला निघाले, त्यांनी आम्हा दोघांना बरोबर घेतलं. जावयाच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची छत्तीस फुटी शिडाची बोट होती. गृहस्थ क्रुझन, म्हणजे सेंट क्रॉयचेच, सत्तरीकडे झुकलेले. मी कॅप्टन होतो हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि दोर गुंडाळायला दिला. मला ते आवडलं.

ख्रिश्चनस्टेडच्या पिवळ्या डॅनिश किल्ल्यासमोरून निघालं की बक आयलंड पूर्वेला पाच-सहा मैलांवर. मोटारीच्या होडीला हे अंतर काहीच नाही. पण इथला वारा वर्षातला बराच काळ पूर्वेकडूनच येतो. हेच ते व्यापारी वारे, ज्यांच्या जोरावर युरोपातली गलबतं अटलांटिक ओलांडून या बेटांवर यायची. शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या नाकासमोर जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. प्रत्येक वळणाला शीड एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जातं, बोट कलंडते आणि खालच्या कपाटातली भांडी वाजतात. आमच्या सौ.नी आलेपाकाची वडी तोंडात धरली होती. ‘एवढी जहाजं चालवलीत, एकदा सरळ नेता येत नाही?’ हा प्रश्न मला उद्देशून होता. मालकांना मराठी येत नव्हतं हे बरं.

या नागमोडी वाटेचा एक फायदा झाला. वाटेतली दोन चिमुकली बेटं नीट पाहता आली आणि त्यांची गोष्ट ऐकायला वेळ मिळाला. बंदरातच आहे ते प्रोटेस्टंट के. पुढे किनाऱ्यालगत लागतं ते ग्रीन के. ग्रीन के अभयारण्य आहे, तिथे उतरायला बंदी. कारण एक सरडा. जमिनीवर वावरणारी ही जात फक्त सेंट क्रॉयच्या परिसरातली, जगात दुसरीकडे कुठे नाही. आणि ती मोठ्या बेटावरून साफ नाहीशी झाली ती आपल्या मुंगसापायी. १८७२ मध्ये जमैकातले एक मळेवाले एस्प्यूट यांनी उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. तिथून त्यांची पिल्लावळ बेटाबेटांवर नेली गेली, सेंट क्रॉयलाही पोचली. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा शिकार करतं. तेव्हा उंदरांना फारसा धक्का लागला नाही; दिवसा ऊन खात बसणारे सरडे आणि कासवांची अंडी मात्र फस्त झाली. सरडे उरले ते मुंगूस न पोचलेल्या या दोन बेटांवर. बक आयलंडवरही मुंगसं होती. ती १९८०च्या दशकात हटवली, मागाहून उंदीर हटवले, आणि २००८ मध्ये ग्रीन केवरचे सत्तावन्न सरडे नेऊन बक आयलंडवर सोडले. तिथे त्यांचा वंश वाढतो आहे. मालकांनी हे सगळं सांगून झाल्यावर ‘युअर मंगूस, कॅप’ असं म्हटलं आणि डोळे मिचकावले.

सकाळी निघालेला माणूस पूर्वेकडे जातो, म्हणजे सूर्य थेट डोळ्यांत. हे केवळ त्रासाचं नाही, धोक्याचं आहे. पोवळ्यांच्या पाण्यात बोट डोळ्यांनी चालवावी लागते. यंत्रावर दिसते ती बोटीखालची खोली. पुढच्या वीस मीटरवर काय आहे ते पाण्याच्या रंगावरून ओळखायचं. फिकट हिरवट-निळा रंग म्हणजे वाळू. गडद पट्टा म्हणजे समुद्री गवत किंवा खोल पाणी. तपकिरी, पिवळसर डाग म्हणजे पोवळं वर आलेलं, तिथून दूर राहा. पण सूर्य समोर आणि खाली असला की हे सगळे रंग पुसले जातात, उरते फक्त चकाकी. म्हणून मालक सावकाश आले. पश्चिम किनाऱ्यासमोर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते, सूर्य बऱ्यापैकी डोक्याकडे सरकला होता. घाई करणाऱ्याने बक आयलंडला येऊ नये, असं त्यांचं मत. माझंही तेच झालं.

आणखी एक गोष्ट कोकणातल्या माणसाला चटकन जाणवते. इथे भरती-ओहोटी नावालाच आहे. पाणी चढतं-उतरतं ते जेमतेम फूटभर. मुंबईत उधाणाच्या दिवशी चार मीटरहून जास्त फरक पडतो. आमच्या वेंगुर्ल्याकडे दोन मीटर तरी धरावेच लागतात. आपल्या किनाऱ्यावर अशी खोल बुडाची बोट पुळणीसमोर उभी करून दुपारी जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत ती कुशीवर निजलेली सापडेल. इथे बोटीचं बूड पावणेदोन मीटर खोल आणि पाणी साडेतीन, म्हणजे जवळजवळ दोन वाव. सकाळी तेवढं, संध्याकाळीही तेवढंच. दिवसाच्या भेटीला कॅरिबियन इतकं सोयीचं पडतं त्यात या फूटभर भरतीचा मोठा वाटा आहे.

बेटाचा पश्चिम किनारा पांढऱ्या वाळूचा आहे, आणि वारा पूर्वेचा असल्याने हा भाग बेटाच्या आडोशाला येतो. बोट वाऱ्याकडे नाक करून, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. नांगर निसटलाच तर ती किनाऱ्यावर न आपटता खोल समुद्राकडे जाईल, ही त्यातली खरी सोय. हिवाळ्यात मात्र उत्तर अटलांटिकमधल्या वादळांची लांब लाट इथवर येते आणि बेटाला वळसा घालून आडोशातही शिरते. अशा दिवशी वारा निवांत असला तरी बोट कुशीवर झुलत राहते, किनाऱ्यावर लाटा फुटतात आणि छोट्या होडीने उतरणं जिवावर बेतू शकतं. मालकांनी आदल्या रात्री वाऱ्याआधी लाटांचा अंदाज पाहिला होता.

आता नांगर. टँकरचा नांगर दहा टनांच्या पुढचा असतो, साखळीची एकेक कडी एकट्या माणसाला उचलत नाही. साडेसत्तावीस मीटरचा एक शॅकल, असे शॅकल मोजत साखळी सोडायची, आणि जहाजाला धरून ठेवण्यात तळावर पडलेल्या साखळीच्या वजनाचा मोठा हात असतो. या बोटीचा नांगर पंधरा-सोळा किलोचा. बोट आठेक टनांची. एवढासा लोखंडाचा तुकडा वजनाने काय धरणार? तो धरतो तळात घुसून. त्यासाठी ओढ आडवी हवी. साखळी तळाला समांतर ओढली गेली की टोक वाळूत खोल खोल जातं. ओढ वर झाली की तेच टोक उचकटून बाहेर येतं. सगळी विद्या या एका कोनात आहे. म्हणून पाण्याची खोली अधिक नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची, याच्या पाचपट साखळी सोडायची. साडेतीन मीटर पाणी, सव्वा मीटर नाळ, म्हणजे पावणेपाच, पाच धरा. पंचवीस मीटर साखळी. साखळीऐवजी बराचसा दोर असेल तर सातपट. वारा वाढला तर आणखी सोडायची, कंजुषी करायची नाही.

या बोटीवरच्या नांगराला एकच टोकदार फाळ होता, दांड्याशी बिजागरीने जोडलेला. हा आकार १९३३ मध्ये जी. आय. टेलर यांनी काढला. टेलर हे केंब्रिजचे मोठे भौतिकशास्त्रज्ञ, द्रवांच्या गतीवरचं त्यांचं काम आजही इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकावं लागतं. त्यांना शिडाच्या बोटीचा नाद होता, आणि जुने नांगर वजनाच्या मानाने फार कमी धरतात हे त्यांना खुपलं. मला ही हकिकत फार वर्षांपूर्वी वाचल्याचं आठवत होतं. प्रत्यक्ष तो नांगर हातात घेतला तो या बोटीवर.

मालकांनी शिडं उतरवली, इंजिन लावलं आणि आधी पट्ट्यात एक संथ फेरी मारली. बाकीच्या बोटी कुठे आहेत, कुणी किती साखळी सोडली असेल, वारा फिरला तर कोण कुठवर झुलेल, याचा हिशेब. नांगरावरची बोट एका जागी उभी नसते, नांगराभोवती वर्तुळात फिरते. शेजाऱ्याचं वर्तुळ आपल्या वर्तुळात येता कामा नये. मग गवत नसलेला, स्वच्छ फिकट वाळूचा एक तुकडा हेरला. त्याच्यावर नाळ आणून बोट पूर्ण थांबवली. वाऱ्याने ती मागे सरकू लागली तेव्हा नांगर सोडला. टाकला नाही, हळूहळू उतरवला. साखळी ढीग होऊन नांगरावर पडली तर त्यातच अडकते, म्हणून बोट मागे जाईल तसतशी ती लांब अंथरत गेली. पंचवीस मीटरला थांबवली, तिचा झटका नाळेला बसू नये म्हणून तिला एक लवचीक दोर बांधला, आणि मग इंजिन उलटं फिरवून आधी हळू, नंतर जोराने मागे ओढलं. मी किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागच्या टेकडीचा खांदा एका रेषेत धरून पाहत होतो. रेषा हलली नाही. धरलं.

एका गोष्टीवरून आमचा वाद झाला. नांगरावर असलेल्या बोटीने दिवसा नाळेकडे काळा गोळा वर चढवावा, असा १९७२च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांत नियम आहे. तिथल्या एकाही बोटीवर गोळा नव्हता. मी विचारल्यावर मालकांनी कप्पा उघडला. दोन काळ्या प्लास्टिकच्या चकत्या, एकमेकीत अडकवल्या की गोळा होतो. दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. मी तो बांधला आणि दोरीने वर चढवला. शेजारच्या बोटीवरच्या बाईंनी त्याचा फोटो काढला.

यानंतर जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. मालकांनी माझ्या बारा वर्षांच्या नातवाला मुखवटा आणि श्वासनळी दिली आणि म्हणाले, जा, नांगर बघून ये. इथे ही रीतच आहे. पाणी इतकं स्वच्छ की वरून पोहत साखळीच्या मागोमाग जायचं आणि नांगर खरंच घुसला आहे का ते डोळ्यांनी पाहायचं. ‘आबा, दिसतोय! अर्धा आत गेलाय!’ असं ओरडत तो परत आला, तेव्हा मीही उतरलो. आयुष्यात असंख्य वेळा नांगर टाकला, पण तळावर रुतलेला स्वतःचा नांगर तोवर पाहिला नव्हता. फाळ वाळूत गेलेला, दांडा आडवा, मागे नांगर रुततानाची हातभर चरी. आणि त्यापलीकडे साखळी. वाऱ्याच्या झोतागणिक बोट जराशी डावी-उजवीकडे जायची आणि साखळी तळावरून झाडूसारखी फिरायची, वाळूवर पंख्याच्या आकाराचा स्वच्छ पट्टा काढत. त्या पट्ट्याच्या कडेपासून आठ-दहा हातांवर समुद्री गवत सुरू होत होतं.

परवान्याचा अर्थ मला तिथे, पाण्यात तोंड घालून कळला. वाळूवरची ती खूण दोन दिवसांत पुसली जाईल. तोच पट्टा गवतावरून फिरला असता तर मुळं उखडली असती, आणि हे गवत हिरव्या कासवांचं खाणं आहे. पोवळ्यावरून फिरला असता तर सांगायलाच नको. इथलं एल्कहॉर्न जातीचं पोवळं, सांबरशिंगांसारख्या रुंद फांद्यांचं, त्यातल्या त्यात भराभर वाढतं, तरी वर्षाला पाच-दहा सेंटिमीटर. घुमटाकार पोवळी वर्षाला एखादा सेंटिमीटरही वाढत नाहीत. माझ्या टँकरची साखळी अशी कुठे कुठे काय झाडत फिरली असेल, ते नकाशावरच्या अक्षरांनी मला कधी सांगितलं नाही.

आम्ही पाण्यात असतानाच एक भाड्याची मोटारबोट आली. तरुण मंडळी, गाणी जोरात. एकाने नांगर गरगर फिरवून फेकला, दहाएक मीटर दोर सोडला, आणि सगळे पाण्यात उड्या मारून मोकळे. नांगर पडला गवतावर. गवतावर तो घुसत नाही, नुसता घसरतो. पाच मिनिटांत बोट रिकामीच मागे निघाली. मालक रागावले नाहीत. आपली छोटी होडी घेऊन गेले, त्यांची बोट धरली, पोरांना वर घेतलं, वाळूचा तुकडा दाखवला आणि दोर किती सोडायचा ते बोटांवर मोजून सांगितलं. परवाना होता का, हेही विचारलं. त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

बेटावर उतरून चढणीची एक पायवाट आहे, माथा शंभरेक मीटर उंच. निवडुंग, काटेरी झुडपं, मधूनच पांढरा चाफा. आपल्या देवळापुढचा चाफा मूळचा याच बाजूचा, हे सौ.ना पटायला वेळ लागला. किनाऱ्यालगत मँचिनील नावाचं झाड आहे, त्याला फळं हिरव्या सफरचंदासारखी. ती विषारी, चीकही अंगावर फोड आणतो, पावसात त्याच्याखाली उभंदेखील राहू नये. एकेकाळी या बेटावरून लिग्नम व्हिटी नावाचं लाकूड तोडून नेत. इतकं घट्ट आणि तेलकट की जुन्या जहाजांच्या पंख्याच्या दांड्याला बेअरिंग म्हणून तेच बसवायचे. आमच्या पिढीतल्या इंजिनिअरांना ते चांगलं आठवतं.

जेवण उरकून बोट तिथेच ठेवली आणि पार्कच्याच परवानगीने चालणाऱ्या एका फेरीबोटीतून बेटाच्या पूर्व टोकाला गेलो. तिथे नांगर टाकायचा नाही, कायमचे बांधलेले बोये आहेत, त्यांना दोर अडकवायचा. पाण्याखाली पाट्या लावलेली पोहण्याची वाट आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी डिसेंबर १९६१ मध्ये हे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं ते या पोवळ्याच्या भिंतीसाठी. २००१ मध्ये क्लिंटन यांनी हद्द वाढवून एकोणीस हजार एकरांवर नेली आणि मासेमारी बंद केली. तरी तिथे पोहताना मन प्रसन्न होतं असं मी म्हणणार नाही. एल्कहॉर्नची उभी खोडं आहेत, पण पुष्कळशी मेलेली, शेवाळलेली. १९७०च्या दशकात पांढऱ्या पट्ट्याचा रोग आला, १९८९ मध्ये ह्यूगो वादळ, २००५ मध्ये पाणी तापून पोवळी पांढरी पडली आणि मागाहून आलेल्या रोगात या बेटांभोवतीच्या जिवंत पोवळ्यांपैकी निम्म्याहून अधिक गेली. २०२३ मध्ये पाणी पुन्हा तापलं. हे संकट नांगराच्या परवान्याने अडणारं नव्हे. पण मेलेल्या खोडांवर ठिकठिकाणी नव्या, तळहाताएवढ्या तांबूस फांद्या फुटलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर साखळी फिरू न देणं तेवढं तरी माणसाच्या हातात आहे.

तीन वाजता निघायची तयारी. नातवाला नाळेवर उभं केलं. साखळी ज्या दिशेला जाते तिकडे हात दाखवायचं काम त्याचं. त्या हाताच्या इशाऱ्यावर बोट इंजिनाने पुढे नेत साखळी आत घेतली, म्हणजे यंत्राला बोट ओढत बसावं लागत नाही. साखळी सरळ उभी झाली, जरा थांबलो, लाटेने नाळ उचलली आणि नांगर सुटला. वर आला तो फाळावर गवताच्या दोन-तीन काड्या घेऊन. मालकांनी बोट थांबवली, बादलीने नांगर तिथेच धुतला आणि काड्या हातात घेऊन निरखल्या. पाती गोलसर नव्हती, म्हणजे इथलंच गवत. तांबड्या समुद्रातलं आणि हिंदी महासागरातलं गोलसर पातीचं एक गवत २००२ मध्ये ग्रेनाडाजवळ पहिल्यांदा सापडलं. तेव्हापासून ते बोटींच्या नांगरांना चिकटून बेटामागून बेट पुढे सरकलं आहे आणि इथल्या गवताची जागा घेत आहे. आधी मुंगूस, आता गवत. या वेळी त्यांनी डोळे मिचकावले नाहीत.

परतीला वारा पाठीशी. एकच पुढचं शीड पुरलं, बोट सरळ उभी, भांडी गप्प, आणि सौ.नी डबा उघडून सगळ्यांना लाडू वाटले. मालकांनी सुकाणू माझ्याकडे दिलं. ख्रिश्चनस्टेडच्या पोवळ्याच्या भिंतीतली वाट जवळ येईपर्यंत ते माझ्याकडेच होतं. सूर्य आता पश्चिमेला, पुन्हा समोर, म्हणून वाटेच्या खुणा रंगावरून ओळखणं अवघड. त्यातून अमेरिका खंडात बंदरात शिरताना लाल खूण उजव्या हाताला ठेवतात, आपल्याकडे डाव्या. पहिला लाल बोया दिसला तसे ते उठून आले, काही न बोलता सुकाणूवर हात ठेवला, आणि मी बाजूला झालो.